खुर्ची तिथेच ठेवून गेलात, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून नाव घालत नाही. पण पत्र उघडच लिहितेय. यातला अर्धा मजकूर तुमच्यासाठी आहे आणि अर्धा, खरं सांगायचं तर, त्या मंडळींसाठी, ज्यांच्यापर्यंत तो एरवी पोचायचा नाही.

आधी त्यांचंच उरकते.

मी नदीतले दगड रंगवते, हे आता तुम्हाला पाठ आहे. दगडाची वरची बाजू नव्हे, खालची. पाण्यातून उचलून उलटा केला की दिसतं ते: कडेला येऊन संपलेला शेवाळाचा पट्टा, चिकटलेली वाळू, ओघळता ओघळता मध्येच थांबलेली ओली रेघ. कारखान्याचं पाणी जिथे नदीत सोडतात त्याच्या वरच्या अंगाचे दगड आणि खालच्या अंगाचे दगड, अशी ती मालिका आहे. खालच्या दगडांवर काहीच नाही, नुसता करडा, बुळबुळीत लेप. हे 'काहीच नाही' रंगवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ही चित्रं घेऊन मी आधी गेले एका कलादालनात. तिथल्या बाईंना ती आवडली, अगदी मनापासून आवडली. फक्त शीर्षकातला सांडपाण्याचा उल्लेख तेवढा काढा म्हणाल्या. त्याऐवजी 'पाषाण १', 'पाषाण २' असं काहीतरी ठेवा, प्रायोजकांना उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको. थोडक्यात, चित्र टांगायला त्यांची हरकत नव्हती. ते कशाचं आहे हे सांगायला होती. मी चित्रं गुंडाळून परत आणली. त्यांचा राग आला, पण फार काळ टिकला नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच बेताची होती.

राग टिकला तो आपल्याच लोकांचा. पर्यावरण चळवळीच्या एका बैठकीत मोबाइलवर चित्रं दाखवली. एकाने दोन बोटांनी ती मोठी केली, लहान केली आणि विचारलं, "यात एखादा मेलेला मासा टाकता येईल का?" दुसऱ्याने सुचवलं, खाली ठळक अक्षरांत 'नदी वाचवा' लिहा, म्हणजे संदेश पोचेल. तळहातावरचं रोपटं, भेगाळलेली जमीन, तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, एवढ्या भांडवलावर आपण किती वर्षं काढणार आहोत? मी पोस्टरही करते आणि मन लावून करते. मोर्चात लांबून वाचता येईल असं अक्षर काढणं हे कसबाचं काम आहे आणि ते मला येतं. पण जे चित्र मला माझ्यासाठी सुचलं, त्याच्या पोटात घोषणा कोंबली की धड चित्र राहत नाही आणि धड घोषणाही होत नाही. हे समजावून सांगितलं तर "तुम्ही कलावंत लोक फार हळवे" असं ऐकावं लागलं. वर, तेही हसून म्हणाले.

आणि तिसरी जमात टोमणेवाल्यांची. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत पर्यावरण चळवळीतल्या दोन मुलींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप फेकलं. चित्रावर काच होती म्हणून ते वाचलं, फ्रेमला थोडी इजा झाली. तेव्हापासून पर्यावरणाबद्दल एक वाक्य बोललं की कोणीतरी विचारतंच, "मग, सूप कधी?" त्या मुलींशी मी सहमत नाही, पण त्यांना अनुभवातून आलेली भीती खरी होती, एवढं कळतं. लोक चित्रापाशी थांबत नाहीत, आरडाओरड्यापाशी थांबतात. दुसरा टोमणा जास्त बोचरा. "तुमचा तो पिवळा आणि तांबडा कॅडमियमचा ना? आणि ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. ब्रश धुता तो मोरीतच ना?" कॅडमियम हा विषारी धातू, तेव्हा प्रश्न बरोबर आहे, विचारणाऱ्याची नियत बरोबर नव्हती. स्वीडनने हाच मुद्दा २०१४ च्या सुमारास युरोपात मांडला होता. चित्रकारांनी धुतलेल्या ब्रशातलं कॅडमियम सांडपाण्याच्या गाळात जातं, तो गाळ खत म्हणून शेतात जातो आणि तिथून ते अन्नात येतं, म्हणून या रंगांवर बंदी घाला. तज्ज्ञांनी धोका नगण्य ठरवला आणि २०१५ मध्ये प्रस्ताव बारगळला. हे मी टोमणेवाल्यांना सांगत बसले नाही. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही "नगण्य म्हणजे शून्य नव्हे" म्हणालात आणि लगेच पुढे, "ब्रश आधी चिंधीला पुसा, मग धुवा, आणि ते पाणी ओतू नका, गाळ खाली बसू द्या." बस्स. न टोमणा, न उपदेश. तेव्हापासून तसंच करते.

आता तुमच्याबद्दल.

नदीसाठीच्या त्या दिवसभराच्या सभेत माझ्या चित्रांना जागा मिळाली ती सभागृहाबाहेरच्या बोळात. एका बाजूला गुंडाळून ठेवलेले फलक, दुसऱ्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा पिंप. लोक पाणी प्यायला यायचे, पेला तोंडाला लावून चित्रांवर एक नजर टाकायचे आणि आत जायचे. तुम्हीही तशाच आलात. पाणी प्यायलात, पेला विसळून पालथा घातलात आणि आत गेलात. मी म्हटलं, चला, अजून एक.

तर तुम्ही आतून खुर्ची घेऊन आलात. फरफटत नाही, दोन्ही हातांनी उचलून, भाषणात व्यत्यय येऊ नये म्हणून. खालच्या अंगाच्या, करड्या दगडाच्या चित्रासमोर ती ठेवलीत, जरा मागे घेतलीत, पुन्हा थोडी पुढे आणलीत आणि बसलात. पिशवी मांडीवर. आत एक वक्ता संपला, टाळ्या झाल्या, दुसरा सुरू झाला. तुम्ही बसलेल्याच. माझ्याकडे वळून काही विचारलं नाहीत. मग खुर्ची उचलून शेजारच्या, वरच्या अंगाच्या दगडासमोर नेलीत आणि तिथे बसलात. त्या बोळात मी कुठे बघावं ते मला कळेना. चित्रकार म्हणून इतकी वर्षं काढली, पण माझं चित्र कोणी बघत असताना आपण तिथे असणं इतकं अवघड असतं हे ठाऊक नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

उठलात तेव्हा मी लगबगीने खुर्ची आत न्यायला पुढे झाले. तुम्ही म्हणालात, "राहू दे इथेच. ही उभ्याने बघायची चित्रं नाहीत."

एवढंच. आत गेलात आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलात, कारण तुमची खुर्ची बाहेर होती. त्यानंतर त्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी बसत राहिलं. रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि बसला की समोर बघतोच. ज्यांनी मेलेला मासा मागितला होता तेही बसले. काही बोलले नाहीत. माझं त्यांच्याशी तेवढ्यावर मिटलं.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही पुन्हा आलात आणि वरच्या अंगाच्या दगडावरच्या एका चपट्या डागाकडे बोट दाखवलंत. "ही मेफ्लायची अळी. तीन शेपट्या काढल्यात तुम्ही." मी दिसलं तसं काढलं होतं, नाव माहीत नव्हतं. मग म्हणालात, "पोटाच्या दोन्ही बाजूंना पुसट केलंय ना, ते बरोबर आहे. तिथे कल्ले असतात आणि ते हलत असतात." ताई, तो पुसटपणा माझ्या एका शिक्षकांपासून त्या दालनवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांना खटकला होता. 'इथे जरा हात चुकलाय' असं सांगून झालं होतं. आणि ज्यांनी कधी रंगाला हात लावला नाही अशा तुम्ही, पाण्यातले किडे मोजणाऱ्या, सरळ सांगितलंत की इथे काहीतरी हलतंय.

पुढे तुमच्याबरोबर नदीवर आले तेव्हा उलगडा झाला. पांढऱ्या ट्रेमध्ये तळातलं पाणी ओतून तुम्ही वाकून बसलात आणि पिशवीतून काढलात तो चक्क शून्य नंबरचा, बारीक टोकाचा ब्रश! माझ्या कामाचा. चिमट्याने अळीचे पाय तुटतात, म्हणून ओल्या ब्रशच्या टोकावर तिला अलगद घ्यायचं. मेफ्लाय माशी होऊन जगते ती काही तास, फार तर काही दिवस, पण त्याआधी कित्येक महिने ती दगडाखाली अळी म्हणून काढते आणि पाण्यातला प्राणवायू घटला की आधी जाणाऱ्यांत तीही असते. म्हणून तुम्ही तिला मोजता. प्राणवायू मोजणारा मीटर त्या घटकेचं पाणी सांगतो, अळी गेल्या काही महिन्यांचं सांगते. खालच्या अंगाला ट्रेमध्ये फक्त तांबड्या, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. तुम्ही त्याही तितक्याच हळुवारपणे उचलल्यात आणि वहीत आकडा लिहिलात. तुमची वही आणि माझं चित्र एकाच गोष्टीबद्दल होतं.

मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकार १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली ती किडे रंगवायला. कुठल्या झाडाच्या कुठल्या पानावर कुठली अळी वाढते आणि तिचं पुढे काय होतं, हे तिने एकाच चित्रात मांडलं. तिची चित्रं विज्ञान मानायची की कला, हा प्रश्न तिला पडलेला दिसत नाही. आम्हाला मात्र हल्ली रोज विचारतात की हे तुमचं स्वतःचं काम की चळवळीचं. जणू माझं जे स्वतःचं आहे त्यात ती नदी येत नाही! मी रोज ज्या पाण्याकडे बघते ते मरत असेल, तर माझ्या चित्रात ते मरणारच. त्यासाठी निराळी निष्ठा दाखवावी लागत नाही. निराळं काही लागतं ते बघणाऱ्याकडून, आणि ते मागून मिळत नाही.

मागून न मिळणाऱ्या गोष्टींबद्दल जरा बोलते, तुम्ही कंटाळाल तरी. चळवळीत तळमळीचे लोक रग्गड भेटले. धीराचे, तुरुंगात जाऊन आलेले, भाषणाने सभा हलवणारे भेटले. नुसते साधे, सभ्य लोक मात्र मोजकेच, आणि ते बहुतेक पडद्यामागचे: सतरंज्या घालणारे, हजेरीची वही सांभाळणारे, शेवटी दिवे बंद करणारे. मिअर्ल लॅडरमन युकेलिस या अमेरिकन कलावतीने हे ओळखलं. १९६९ मध्ये तिने जाहीरनामाच लिहिला की झाडणं, पुसणं, निगा राखणं हे माझं काम आहे आणि तीच माझी कला. पुढे १९७९-८० मध्ये तिने न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातल्या ८,५०० कर्मचाऱ्यांशी एकेकाला भेटून हस्तांदोलन केलं आणि 'न्यूयॉर्क शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार' म्हटलं. ८,५०० वेळा! यात कला कुठे आहे असं विचारणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला तरी तिच्याइतकं बोलकं पर्यावरणाचं काम फारसं आठवत नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात जोसेफ बॉइस या कलावंताने १९८२ पासून ७,००० झाडं लावायला घेतली, दर झाडाशेजारी बसाल्टचा एक दगड, आणि ते सगळे दगड आधी संग्रहालयासमोर ढीग करून ठेवले. झाड लागलं की ढिगातला एक दगड हलणार. लोक त्या ढिगावर वैतागले होते. बॉइस १९८६ मध्ये गेला, शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावलं. नाव बॉइसचं झालं, व्हायलाच हवं. पण मला नेहमी वाटतं, पाच वर्षं ते खड्डे खणणाऱ्या हातांची आठवण कोण काढत असेल?

तुमची काढतेय. तुम्ही मला प्रदर्शन मिळवून दिलं नाहीत, शिफारसपत्र दिलं नाहीत, माझ्याबद्दल कुठे चार ओळी लिहिल्या नाहीत. खुर्ची आणलीत आणि स्वतः उभ्या राहिलात. त्यानंतर मी त्या मालिकेत आणखी दगड रंगवले, शीर्षकं होती तशीच ठेवून, आणि पुसट जागा आता मुद्दाम पुसट ठेवते.

एक विचारायचं होतं. ह्यूबेर द्यूप्रा नावाचा एक फ्रेंच कलावंत आहे. नदीत वाळूचे कण आणि काटक्या जुळवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या त्याने घरच्या टाकीत ठेवल्या आणि वाळूऐवजी त्यांना सोन्याचे पत्रे, मोती, रत्नांचे खडे दिले. अळ्यांनी त्यांतूनच नळ्या बांधल्या. दिसतात विलक्षण सुंदर. मी त्यांचे फोटो बघते आणि मला दर वेळी वेगळंच वाटतं. कधी वाटतं त्याने अळीला सहकलाकार केलं, कधी वाटतं वेठबिगार केलं. तुम्ही या अळ्या वर्षानुवर्षं ब्रशवर उचलताय, तुम्हाला काय वाटतं? सावकाश लिहा, आणि माझी भीड न ठेवता लिहा. नदीवर पुढच्या खेपेला कधी जाणार तेही कळवा. शून्य नंबरचे दोन नवे ब्रश आणून ठेवलेत, एक तुमचा.

तुमची,
बोळातली चित्रकार