दिल्लीदर्शन आणि सोमवार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका दिवसात दिल्ली कशी पाहावी, हे सांगणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत लेखकाने अकरा ठिकाणे बसवून दिली आहेत. मात्र त्यांपैकी कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. हा तपशील किरकोळ नाही, हे आम्ही बावीस ज्येष्ठ भुसावळकर गेल्या फेब्रुवारीत पदरचे पैसे मोजून शिकलो.

पंजाब मेलने रविवारी रात्री उतरून आम्ही सोमवारी सकाळी सहलवाल्यांच्या बसमध्ये बसलो. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय आणि जयपूर हाउसमधील आधुनिक कलेचे दालन, सर्वच बंद होते, कारण या सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण दिल्लीतही वार पाहावा लागतो, हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही आणि ज्यांचा हा व्यवसाय त्यांनी सांगितले नाही. परिणामी दिवसभराचे दर्शन बसच्या काचेतूनच झाले. राष्ट्रपती भवन दिसताच ‘आपल्या प्रतिभाताई इथे पाच वर्षे राहिल्या’ म्हणत सगळ्या भगिनी एका बाजूच्या खिडक्यांकडे सरकल्या, तेवढ्यात बस वळलीसुद्धा. (आत जायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, हेही नंतर कळले.)

कुतुबमिनार तेवढा उघडा होता. तिथे पाऊण तास मिळाला आणि त्यातला निम्मा तिकिटाच्या रांगेत गेला. सुमारे 73 मीटर उंचीच्या मिनाराकडे सगळे माना वर करून पाहत असताना आमच्यातील एक निवृत्त फिटर मात्र लोहस्तंभासमोरून हलायला तयार नव्हते. जवळजवळ सोळाशे वर्षे ऊनपाऊस खाऊनही लोखंड गंजत नाही, याचे कारण त्यातील फॉस्फरसचे जास्त प्रमाण आणि त्यामुळे पृष्ठभागावर जमलेला संरक्षक थर, हे ते समजावून सांगत होते आणि बसचा हॉर्न वाजत होता.

दुसऱ्या दिवशी आग्र्याच्या बसला नकार देऊन आम्ही दहाजण मेट्रोने आणि रिक्षाने स्वतःच निघालो. सकाळचे तीन तास रेल्वे संग्रहालयाला दिले. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे, घाटात मालगाड्या ओढणारे 1928 च्या सुमाराचे विजेचे इंजिन, ज्याला जुनी माणसे ‘खेकडा’ म्हणत, तिथे उभे आहे. त्याहून मौजेची पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी: 1907 चे हे जर्मन बनावटीचे इंजिन एकाच रुळावर चाले आणि तोल सांभाळण्यासाठी बाजूचे मोठे चाक रस्त्यावर टेकवी. अरुंद मापाच्या इंजिनांपाशी पोहोचल्यावर पाचोरा-जामनेर या आपल्याकडच्या अरुंद मापाच्या ‘पीजे’ गाडीची आठवण निघाली आणि अर्धा तास तिथेच गेला, रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसांना हा वेळ वाया गेला असे वाटत नाही.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात आम्ही केवळ हडप्पा दालन पाहिले. मोहेंजोदडोची नर्तकी ही कांस्यमूर्ती पाठ्यपुस्तकातील चित्रावरून हातभर तरी असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ती अवघी 10.5 सेंटिमीटर उंच आहे. तिच्यासमोर शांतपणे उभे राहिल्यावर कमरेवरचा हात आणि दंडभर चढवलेल्या बांगड्या दिसू लागतात. एवढे पाहून गुडघ्यांनी रजा मागितली आणि आम्ही बाहेर पडलो. सोमवारी बसमधून पाहिलेल्या सगळ्या ठिकाणांपेक्षा मंगळवारची दोनच अधिक लक्षात राहिली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत खान्देशातून अनेक कुटुंबे आणि शाळांच्या सहली दिल्लीला जातात. त्यांच्यासाठी आपण पुढच्या पुरवणीत प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार, आगाऊ नोंदणीची गरज आणि तिथे किती वेळ लागतो, एवढी चौकट अवश्य छापावी. आणखी एक. शनिवारी अर्धा दिवस काम उरकून त्याच रात्री पंजाब मेलने निघणे आपल्या लोकांना सोयीचे वाटते, आणि नेमका त्यामुळेच दिल्लीतला पहिला दिवस सोमवार येतो. निघणे एक दिवस पुढे ढकलले, तर मंगळवारी सकाळी सगळी दारे उघडी सापडतील.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ