चाल हलवणाऱ्या पेटीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुम्ही मोबाइलला हात लावत नाही. हे नातीकडून वाचून घ्याल, ठाऊक आहे. तरी चारचौघांत लिहितेय. गाणी लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना कळू दे, की असं माणूस साताऱ्यात एका भजनी मंडळात पेटी धरून बसतं.

गाणं सुचतं कुठून, असं लोक विचारतात. मला शब्द मागून येतात, आधी ठेका येतो. तुम्ही चाल लावलीत त्या गाण्याचा ठेका आजीच्या जात्याचा होता. मूठभर दाणे टाकताना तिची ओवी जरा आखडायची, म्हणून ओवीचा शेवटचा चरण तोकडा, हे माझं घरगुती शास्त्र. पंडितांनी मनावर घेऊ नये. आजी दळायची माजघरात, म्हणून मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत ‘माजघरात’ आलं. तिथेच सगळं अडलं.

एका संगीतकारांनी चाल आधीच बांधून ठेवली होती. “मीटरमध्ये बसत नाही, ‘घरात’ टाक,” म्हणाले. दुसऱ्यांनी “माजघर आता कोणाला कळतं?” म्हणत माझ्यादेखत ओळ खोडली. लाल पेनाने! तिसऱ्यांनी ऐकून “छान आहे” म्हटलं आणि फोन उचलणं सोडलं. आधी चाल, मग शब्द, या पद्धतीवर माझा राग नाही. सिनेमाची कितीतरी सुंदर गाणी तशीच झालीत. पण लिहिणाऱ्याला एकदा विचारावं तरी, की बाई, हाच शब्द का?

तुम्ही विचारलंत. मी आजीचं सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, भाता ओढलात आणि तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवत राहिलात. दादरा ठेका सहा मात्रांचा, ‘माजघरात’ सात मात्रांचा, आणि ओळ उठत होती समेवरून, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवरून. त्यामुळे शेवटचा ‘त’ ठेक्याच्या पुढच्या फेरीत लोंबकळायचा. तुम्ही ओळ चौथ्या मात्रेवरून, म्हणजे ठेक्यातल्या ‘खाली’च्या जागेवरून उचललीत. ‘माज’ अलीकडे सरकलं आणि ‘घरात’ बरोब्बर समेवर येऊन बसलं. मग चष्मा कपाळावर सारून म्हणालात, “शब्द राहू दे पोरी. चाल माझी आहे, ती हलेल.”

काका, एवढंच. बाकी अंतऱ्यातली कोमल निषादाची जागा, ढोलकीवाल्याशी झालेली तुमची हुज्जत, सगळं झकासच. पण रात्री आठवतं ते हे वाक्य. माझ्या कागदावर त्या दिवशी एकही काट नव्हती.

चहा पिताना तुम्ही गीतरामायणाचं काढलंत. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची. एवढ्या घाईतही एकाने दुसऱ्याच्या शब्दाला धक्का लावायचा नाही, याला तुम्ही ‘रीत’ म्हणालात. खरं सांगू? ती रीत मला मोठ्या स्टुडिओच्या काचेआड क्वचित दिसली. दिसली ती एसटीत सरकून बसणाऱ्या बायकांत, भजनात नवख्याला टाळ देऊन स्वतः टाळ्यांवर भागवणाऱ्या म्हाताऱ्यांत. आपण जरा हललो म्हणून आपलं काही कमी होत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

मानधन घेतलं नाहीत, ठीक. मात्र पेटीचा भाता गळतोय, हे मी ऐकलंय. तो दुरुस्त करून देणार आहे, त्यावर वाद नको. आणि गाण्याखाली ‘चाल’ म्हणून तुमचंच नाव जाईल, लाजून उपयोग नाही.

नवा अंतरा झालाय, गुरुवारी भजनानंतर घेऊन येते. त्यात ‘परसदारी’ आहे. मात्रा पुन्हा सातच, आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
वहीवाली पोर