आण्णा, त्या तारखेवार लावलेल्या फायलींबद्दल आभार

आण्णा,

सप्रेम नमस्कार.

खात्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही मिरजेत दवाखान्यांच्या दारात बसून अपघातातल्या जखमींच्या नातेवाइकांना कागद सांभाळायला शिकवता. त्याचे जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. सांगलीला मोटार अपघाताचे दावे चालवताना तुमच्या हाताखालून आलेली फाइल लगेच ओळखू येते. कागद तारखेवार असतात आणि सगळ्यात वर पहिल्या केस पेपरची झेरॉक्स असते.

तो केस पेपर वर का, हे बाहेरच्याला कळायचं नाही. कारने मागून ठोकलेल्या दुचाकीस्वाराला भाऊबंद दवाखान्यात आणतात. डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला माणूस सांगतो, "गाडीवरून पडला." डॉक्टर तेवढंच लिहितात. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासात तीच एक ओळ वाचून दाखवतो आणि म्हणतो, पेशंट स्वतःच घसरला, आमची कार यात नंतर घुसवली. तुम्ही दारातच सांगता: "कारने धडक दिली, कुठं दिली, किती वाजता, एवढं बोला. नंबर ठाऊक असला तर तोही सांगा, नसला तर अंदाजानं सांगू नका." चुकीचं लिहिलं गेलंच, तर खाडाखोड करायला लावू नका, पेशंट बोलायला लागला की पोलिसांना सविस्तर जबाब द्या, हेही तुम्हीच बजावता. खाडाखोड केलेला केस पेपर हा चुकीच्या केस पेपरपेक्षा वाईट.

फिर्यादीचंही तसंच. सगळे ऑपरेशनच्या धावपळीत असतात, फिर्याद चार-आठ दिवस लांबते. उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय. पण उशिराचं कारण फिर्यादीतच आलेलं बरं. नाहीतर ते पुढे साक्षीत सांगत बसावं लागतं. आणि "गाडीचा खर्च देतो, केस नको, गावातल्या गावात मिटवू" म्हणणाऱ्या कारवाल्याला तुम्ही ज्या शांतपणे वाटेला लावता, ते शिकण्यासारखं आहे.

पंचनामा तर तुमचा हातखंडा. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा किती फूट, काचा कुठल्या बाजूला, दोन्ही गाड्या कडेपासून किती अंतरावर, यावरून चूक कोणाची हे ठरतं. म्हणून गाड्या हलवण्याआधी फोटो काढा आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत दुचाकी गॅरेजला देऊ नका, हा तुमचा निरोप फार मोलाचा. कारचं आरसी, चालकाचं लायसन आणि अपघाताच्या दिवशी चालू असलेली पॉलिसी, या तिन्हींच्या प्रती तुमच्या फाइलमध्ये न मागता मिळतात.

बिलांबाबत तुमची शिस्त कडक. मेडिकलचं बिल पेशंटच्याच नावाचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि थर्मल कागद पुसट होतो म्हणून झेरॉक्स त्याच दिवशी. मेडिक्लेममध्ये मूळ बिलं जाणार असतील तर आधी शिक्क्याच्या प्रती काढायच्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून दाव्यातला औषधोपचाराचा खर्च कापायचा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलंय. तरी कागद लागतातच.

खरा पैसा मात्र उत्पन्नात अडकलेला असतो, आणि तिथंच लोक ढिले पडतात. 32 वर्षांचा गवंडी धरा. कामाची क्षमता 30 टक्के गेली. महिना 15,000 सिद्ध झाले तर वर्षाचे 1,80,000, भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,52,000, त्याचे 30 टक्के 75,600, आणि त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्या आकड्याने गुणायचं तो, 16. झाले 12,09,600. पुरावा नाही म्हणून कोर्टाने 10,000 च धरले, तर तेच 8,06,400 वर येतं. चार लाखांचा फरक, तोही हजेरीची वही किंवा बँकेतल्या नोंदी जपल्या नाहीत म्हणून. शेतकऱ्याला तर नुसता सातबारा पुरत नाही. "जमीन जागेवरच आहे, मग नुकसान कसलं?" हा ठरलेला प्रश्न. कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाच्या पावत्या, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या आणि अपघातानंतर मजुरीवर वाढलेला खर्च, हे जोडलं की त्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका, हेही तुम्ही सांगता. उपचार संपल्यावरच तो घ्यायचा, आणि शक्यतो साक्षीला येईल अशा डॉक्टरांकडून. पायाचे 40 टक्के म्हणजे पूर्ण शरीराचे 40 टक्के नव्हेत. पण तोच पाय ट्रकड्रायव्हरचा असेल तर धंदाच बंद. कोर्ट बघतं ते कामावर झालेला परिणाम, म्हणून पेशंट नेमकं काय काम करत होता हे डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे.

विमा कंपनीचा माणूस खाटेजवळ येऊन इंग्रजी कागदावर सही मागतो. तिथं तुमचं ते "चष्मा घरी राहिलाय" अजून कामी येतं! लोकअदालतीला आमचा विरोध नाही, बरेच दावे तिथं चांगले मिटतात. पण त्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे अपंगत्व किती ते कळण्याआधी तडजोड नको.

मुदतीचं तुम्ही घरोघर सांगताच. 1 एप्रिल 2022 पासून अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नये. अपघात खंबाटकीत झाला आणि जखमी तासगावचा असला तरी दावा सांगलीत चालतो. तेवढं ऐकूनच निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो.

एक विनंती. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं नाव तुम्ही लिहून घेता, तिथंच त्याचा फोन नंबर आणि गावही लिहून घ्यायला सांगा. दोन वर्षांनी समन्स काढताना "वडापवाला" (शेअर जीपवाला) एवढ्यावर कोणी सापडत नाही.

आपले,
अपघात दाव्यांची कामं करणारे सांगलीतले काही वकील