‘नॉर्मल’ रिपोर्टने घालवलेले महिने

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीतला थायरॉइडवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण सोबतच्या चौकटीत ‘वजन वाढतंय? थायरॉइड तपासा’ एवढंच ठळक छापलं होतं. माझ्या आजाराची सुरुवात वजन उतरण्यापासून झाली, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास छातीत धडधडायला लागलं. जिना चढून वर्गात गेले की हजेरी घेताना हात थरथरायचा. चार किलो वजन गेलं. शिक्षकखोलीत सगळ्या विचारायच्या, डाएट कुठलं? ईसीजी ठीक निघाला, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले. दोनेक महिन्यांत सगळं आपोआप थांबलं आणि मी ते विसरूनही गेले.

मग गाडं उलटं फिरलं. भर मे महिन्यात घरचे पंखा पाचवर ठेवायचे आणि मी गोधडीत. अंगठी साबण लावूनही निघेना. सकाळी बोटं बधिर, खडू धरवेना. आवाज घोगरा, पोट साफ नाही, कंगव्यात केसांचा पुंजका, पाळीत अंगावरून खूप जाणं. प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर आणि वेगळी फाइल. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे. हिमोग्लोबिन 9 होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी केसांसाठी बायोटिन. आपापल्या जागी कुणी चूक नव्हतं, पण त्या सगळ्या फाइली एका टेबलावर कुणी ठेवल्याच नाहीत, मीसुद्धा नाही. घरात मात्र निदान पक्कं होतं : बाई आळशी झाल्या.

अखेर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली (ग्रंथी मंदावली की हा आकडा वाढतो), तर ती ‘नॉर्मल’! तिथे आणखी पाच महिने गेले. नंतरच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवीच टेबलावर उपडी करायला लावली आणि केसांची गोळी उचलून बाजूला ठेवली. काही यंत्रांवर मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे टीएसएच खोटी कमी दिसते, हे मला तेव्हा कळलं. गोळी आठवडाभर बंद ठेवून रक्त दिलं. टीएसएच 38, म्हणजे खूपच जास्त, आणि अँटी-टीपीओ अँटिबॉडीज (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) भरपूर.

हा हाशिमोटोचा आजार. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी 1912 साली चार स्त्रियांच्या थायरॉइडच्या गाठींवरून त्याचं वर्णन केलं. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उठते. सुरुवातीला काहींच्या ग्रंथीतला साठवलेला हार्मोन फुटून रक्तात सांडतो. माझी दिवाळीतली धडधड बहुधा तीच. साठा संपला की सगळं मंदावतं. एकाच आजारात आधी घाम नि नंतर गोधडी, हे रुग्णाने कसं जुळवायचं? (‘आयोडीनचं मीठ खा’ हा सल्लाही खूप मिळाला. आमच्या घरात वर्षानुवर्षं तेच मीठ आहे, आणि हा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नव्हेच.)

निदान झाल्यावर दुसरीच गंमत. आता जे होईल ते थायरॉइडच्या खाती. तळपायांना मुंग्या येत होत्या, त्याही मी सहा महिने थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलायची वाट बघत सोसल्या. निघालं बी-12 कमी. हाशिमोटो असलेल्यांमध्ये ही कमतरताही पुष्कळदा दिसते, पण ती थायरॉइडच्या गोळीने भरून निघत नाही. त्यातच मी ती गोळी सकाळी चहाबरोबर आणि लगोलग लोहाची गोळी घेत होते. म्हणजे अर्धं औषध वाया. आता उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, आणि लोह रात्री. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त. अंगठी पुन्हा बोटात फिरते आहे, थकवा मात्र सगळा गेलेला नाही.

पुरवणीत हा विषय पुन्हा घ्याल तेव्हा चौकटीत दोन गोष्टी जरूर छापा. थायरॉइडची तपासणी करण्यापूर्वी केसांच्या-नखांच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि जाताना जुन्या सगळ्या फाइली सोबत न्या, हृदयाची आणि मनगटाचीसुद्धा.

— एक शिक्षिका, सातारा