लेंट संपल्यानंतरचे पन्नास दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टर उलटून दोन-तीन आठवडे झाले की सातारा-सांगली भागातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमधली (चर्चमधली) गर्दी ओसरते. ईस्टरपूर्वीचा लेंटचा उपवासकाळ कसोशीने पाळणारी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तास बसून ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवरील प्रवचने ऐकणारी माणसे रविवारीही तुरळक दिसतात. मधल्या वारच्या प्रार्थनासभेला तर पाळक आणि काही वयस्क स्त्रियाच उरतात. मग मंडळीचा कारभार पाहणारी पंचकमिटी बाहेरगावचा वक्ता बोलावून, मांडव घालून विश्वास पुन्हा जागवण्यासाठी संजीवन सभा भरवते. सभेला माझा विरोध नाही, कारण अनेकांची पहिली जागृती अशाच मांडवात झालेली आहे; मात्र मांडव उतरल्यावर त्या जागृतीची जोपासना कोणी करायची, हे कोणत्याच कमिटीच्या इतिवृत्तात सापडत नाही.

वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये, अशी आज्ञा बायबलमधील लेवीय पुस्तकात आहे आणि तिच्यासोबतच याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचावीत, असेही सांगितले आहे. अग्नी परमेश्वराकडून आला तरी लाकडे माणसानेच आणायची होती. प्रेषित पौलानेही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देऊन, स्वतःमधील कृपादान त्यानेच चेतवावे, असे लिहिले. आपल्या घरांतली संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना मात्र केव्हाच मागे पडली (मोबाइलला उगीच दोष नको, ती त्याच्या आधीच थांबली होती).

साताऱ्यातल्या ख्रिस्ती माणसाला उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्या निर्णयामुळे पत्नीशी झालेली ताटातूट त्यांनी काही वर्षे सोसली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि १९१७ मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, जेव्हा बहुतेक माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात तेव्हा, मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांतच ते निवर्तले. बाप्तिस्म्याच्या दिवशीची भावना एकटी इतकी वर्षे पुरली नसती. मधल्या काळात ते सतत लिहीत होते, भजने रचत होते, कीर्तने करीत होते, आणि माझ्या मते त्या नित्याच्या कामानेच त्यांची ओढ ताजी राहिली. त्यांची भजने आपण आजही गातो, पण बहुधा फक्त रविवारीच.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतील पंचकमिट्यांना माझी विनंती अशी की, ईस्टर ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) या पन्नास दिवसांत आठवड्यातून एकदा, पाळीपाळीने एकेका घरी, भजन व शास्त्रवाचन ठेवावे. तरुण संघाला नुसती वाद्ये न सोपवता रुग्णभेटीचे काम द्यावे, मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलेल्या मिरजेत परगावच्या रुग्णांची आजही वाण नाही. यासाठी मांडव लागत नाही आणि वक्त्याचे मानधनही द्यावे लागत नाही. पुढच्या वार्षिक सभेत संजीवन सभेच्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी हा विषय पटलावर घ्यावा.

आपला,
एक वाचक, सातारा