सगळे बाळाकडे बघत होते, तुम्ही माझ्या लेकीकडे

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते इथं चारचौघांत लिहिणं बरं वाटत नाही. पाच जानेवारीच्या रात्री लेबर रूमला तुमची नाइट ड्यूटी होती आणि माझी लेक बेड नंबर सातवर होती, एवढ्यावरून तुम्ही ओळखाल.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. रात्री नऊला पाणमोट फुटली आणि दत्तवाडीतून आम्ही रिक्षानं आलो. तिला आत नेलं तेव्हा मी दाराबाहेरच थांबले. माझ्या वेळी, १९९३ साली, दुसऱ्या एका गावच्या दवाखान्यात माझ्या आईला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आत मी एकटी, आणि ओरडले की वरून बोलणी. ती रात्र मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. तुम्ही दार उघडून म्हणालात, "आई, बाहेर कशाला? चप्पल बदला न् आत या. तिला तुमचा हात लागतोय." तुमच्या बोलण्यातला लातूरकडचा हेल कानाला फार गोड लागला. बाळंतिणीजवळ तिचं माणूस असावं हे २०१७ पासून सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही आहे. पण माझ्यासाठी दार तुम्ही उघडलंत.

कळा वाढत गेल्या तसं तुम्ही तिला चालवलंत, कुशीवर वळवलंत, कंबर नेमकी कुठं दाबायची ते माझा हात धरून दाखवलंत. दर अर्ध्या तासानं पोटावर मशीन ठेवून बाळाचे ठोके मोजायचात आणि आकडा कागदावर लिहायच्या आधी तिला सांगायचात, "एकशे चाळीस. बाळ मजेत आहे." ११० ते १६० म्हणजे ठीक, हे मी त्या रात्री शिकले. त्या वेळी तुमच्याकडे आणखी दोघी अडलेल्या होत्या. तिघींच्याही वेळा तुम्हाला तोंडपाठ.

मध्ये एकदा चहाला म्हणून कॉरिडॉरमध्ये आले. तिथल्या सावित्रीबाईंच्या फोटोला तीन तारखेच्या जयंतीचा हार तसाच होता, झेंडू जरा सुकलेला. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यांची गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल. पण मुलींच्या शाळेची सांगायचे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली याच पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं, तिथं आलेल्या बायकांची काळजी त्या स्वतः घेत, हे एका वाक्यात उरकायचे. त्या फोटोखालून तुमच्या येरझाऱ्या चाललेल्या बघताना वाटलं, ही गोष्ट मी निवांत सांगायला हवी होती.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी नात झाली. तुम्ही तिला लगेच आईच्या छातीवर ठेवलंत, नाळेची घाई केली नाहीत. थोड्या वेळानं वार पडली. डॉक्टर शेजारच्या बाईकडे वळले. मी रडत होते, जावयांना फोन लावत होते, आयाबाईसुद्धा "लक्ष्मी आली" म्हणत बाळाकडेच बघत होती.

तुमचा हात मात्र लेकीच्या पोटावर होता, बेंबीपाशी. बाळंत झाल्यावर पिशवी तिथं नारळासारखी टणक लागायला हवी, हे तुम्ही नंतर सांगितलंत. ती लागत नव्हती. दुसऱ्या हातानं खालचा कपडा उचलून बघितलात आणि आवाज जराही न चढवता म्हणालात, "सर, सातला ब्लीडिंग जास्त आहे." मग पंजानं पोट गोल गोल चोळायला लागलात. लघवी साठली असली की पिशवी नीट आवळत नाही, म्हणून नळी घालून लघवी काढलीत. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन सलाइनमध्ये गेलं. लेकीचे ओठ पांढरे पडले होते, "आई, गार वाटतंय" म्हणत होती. चोळता चोळताच तुम्ही मला बाळाला पदराशी लावायला लावलंत. "ते ओढेल तशी पिशवीही आवळेल, आई. धरा नीट." वीस मिनिटं तुमचा हात थांबला नाही. मग तुम्ही माझा हात घेऊन तिच्या पोटावर ठेवलात. "हे बघा, आता लागतंय ना?" लागत होतं. टणक.

सिस्टर, माझी सख्खी मावशी बाळंत होऊन दोन तासांत गेली. "अंगावरून फार गेलं" एवढंच घरात म्हणत, आणि नशिबाला बोल लावत. बाळंतपणात दगावणाऱ्यांत सगळ्यात जास्त जणी अशा रक्तस्रावानंच जातात, हे मला आता कळलं. मावशीच्या पोटावर तेव्हा कुणाचाच हात नव्हता.

सकाळी आम्ही पेढे वाटले. पहिला बॉक्स डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला, आणि त्यांचेही उपकार आहेतच. तुमच्यापर्यंत पोचेतो आठ वाजून गेले, पाळी बदलली होती, तुम्ही निघून गेला होतात. त्याची चुटपुट अजून जात नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

लेकीचे टाके सुकलेत. हिमोग्लोबिन सव्वानऊवर आलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि अळिवाचे लाडू ती कुरकुर न करता खाते. नात रात्रभर जागवते. दीड महिन्याच्या लसीला तिला तिथंच आणणार आहोत. आधी फोन करून तुमची पाळी विचारून घेईन. पाच मिनिटं खाली येता आलं तर या, तिला तुमच्या हातात द्यायचं आहे. लाडूंचा डबा तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय.

तुमची,
बेड नंबर सातच्या बाळंतिणीची आई