बाबा, तो आकडा तुमच्यामुळं चुकला नव्हता

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, चटणीचा डबा पोचला. इथं श्टुटगार्टात घरभर कांदा-लसणाचा वास सुटलाय. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं.

परवा फोनवर तुझ्या तोंडून निघून गेलं म्हणून मला कळलं. २०२४ च्या दिवाळीआधी रंगाऱ्याचे १८,४०० रुपये भलत्याच्याच खात्यावर गेले, बाबांनी एकोणीस दिवस बँकेत हेलपाटे घातले आणि "पोरीला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल" असं तुला बजावून ठेवलं. पैसे परत मिळाले ते बरंच झालं. पण खिडकीतला माणूस "आजोबा, चष्मा बदला" म्हणाला आणि तेव्हापासून बाबा बँकेची स्लिप शेजारच्या मुलाकडून भरून घेतात, हे ऐकलं आणि मला झोप लागली नाही.

बाबा, तुम्ही उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंत. कुठल्या रॅकवर कुठलं कास्टिंग, त्याचा नंबर काय, सगळं तोंडपाठ. तुमच्या रजिस्टरात खाडाखोड मी कधी पाहिली नाही. म्हणून आईकडून त्या चिठ्ठीचा फोटो मागवून घेतला. रंगांच्या शेडकार्डाच्या मागच्या बाजूला रंगाऱ्यानं घाईत खरडलेला पंधरा आकडी नंबर. शेवटून तिसऱ्या जागी इंग्रजी 3 आहे, पण त्याचं वरचं टोक इतकं आत वळलंय की मलाही तो 8 च वाटला. माझे डोळे तर अजून चांगले आहेत. त्याच्याखाली अकरा अक्षरांचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड. त्यात पाचव्या जागी नेहमी शून्य असतं, आणि रंगाऱ्यानं चक्क इंग्रजी ओ काढलाय. हे सगळं बिनचूक उतरवायची जबाबदारी मात्र स्लिप भरणाऱ्याची. चूक तुमची नव्हती, बाबा. हे काम माणसाच्या हातावर सोडलं जातं, हीच चूक आहे.

आणखी एक. एनईएफटीत, म्हणजे तुम्ही स्लिप भरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवता त्या पद्धतीत, पैसे जमा होतात ते खातेक्रमांकावरून. तुम्ही रंगाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलं होतं, पण ते नाव त्या खात्याशी कुणी ताडून पाहिलंच नाही. पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असं रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं. ती आधी असती तर तुमचे एकोणीस दिवस वाचले असते.

आता त्या चौकोनाविषयी. भाजीच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर दिसतो तोच क्यूआर कोड. तुम्ही त्याला "मोबाईलवाल्या पोरांचं खूळ" म्हणता, पण तो जन्मला तुमच्यासारख्यांच्याच कामातून. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो बनवला, गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. पट्ट्यापट्ट्यांच्या बारकोडात वीसेक अक्षरंच मावायची, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगार ते एकामागून एक वाचत बसत. सगळी माहिती एकाच चौकोनात बसावी, यासाठी ती खटपट. म्हणजे बघा, ही स्टोअरकीपरच्या सोयीची वस्तू आहे! तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोनी ठिपके असतात ना, त्यांच्यामुळं कागद तिरका धरला तरी फोनला दिशा कळते.

इथं जर्मनीत दुकानात दिसो न दिसो, बिलाच्या कागदावर तो बऱ्याचदा असतो. जिरोकोड म्हणतात. मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचं बिल आलं. इथला खातेक्रमांक बावीस अक्षरांचा. मी बँकेचं अॅप त्या चौकोनावर धरलं तर नाव, खातं, रक्कम, बिल नंबर सगळं आपोआप भरलं गेलं. मी फक्त वाचून पाहिलं आणि मंजुरी दिली. तेव्हा तुमचीच आठवण आली.

आपल्याकडं यूपीआय, म्हणजे फोनवरून थेट खात्यात पैसे पाठवायची सोय, २०१६ पासून आहे आणि ते याहून सोपं आहे. चौकोनात समोरच्याचा यूपीआय आयडी असतो, पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जातात. तुम्हाला एकही आकडा उतरवायचा नाही. ३० जून २०२५ पासून पिन टाकायच्या आधी बँकेत नोंदलेलंच नाव पडद्यावर दिसलं पाहिजे, असा नियम आहे. ते नाव मोठ्यानं वाचा, आईला ऐकू द्या, मगच पिन. दुकानातल्या चौकोनावर कुणी दुसराच कागद चिकटवला असेल तर तोही तिथंच पकडला जातो. पुढच्या वेळी रंगाऱ्याला म्हणा, "चिठ्ठी नको, तुझा क्यूआर दाखव."

आई, तुझं काम तर याहून निकडीचं आहे. चटणीची ऑर्डर घेताना तू पासबुक हातात धरून जो विचारेल त्याला खातेक्रमांक वाचून दाखवतेस, ते बंद कर. तुझ्या खात्याचा क्यूआर छापून डब्याच्या झाकणावर लाव. किलोचा भाव आधीच त्यात घालून ठेवता येतो, म्हणजे "किती पाठवू?" हा प्रश्नच उरत नाही. मिरची कुटायच्या डंकावरून आल्यावर तुझे हात तिखटानं माखलेले असतात, डाग पडणारच. पडू दे. कोडात दुरुस्तीची सोय असते, छापताना जास्तीत जास्त पातळी घेतली तर तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचला जातो.

पण एक गोष्ट देवासमोर हात जोडून सांगते. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. "काकू, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. काही घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, आणि मलाही. यावेळी लपवायचं नाही.

पेन्शनचं खातं याला जोडू नका. पाच-सहा हजारांचं दुसरं खातं उघडा, तेच जोडा. यूपीआयचं भीम अॅप मराठीत आहे. कपिलतीर्थ मंडईत मेथी घेताना तुम्हाला रोखच बरं वाटतं, तर तिथं रोखच द्या, त्यात काही वाईट नाही.

मी इथून तुमची सगळी बिलं भरू शकते, हे आई म्हणाली. शकते. पण बाबा, तुमचे व्यवहार तुमच्याच हातात राहावेत असं मला वाटतं.

रविवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल करते. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसा. आईचा फोन समोर, बाबांचा हातात, चष्मा जवळ. पहिला एक रुपया आईच्या खात्यावर पाठवू.

तुमची,
मनू